जीवाक्षरांचे वाचन
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून आम्ही डी.एन.ए.च्या वाचनाविषयी बोलावे, हे आपणांस प्रथमदर्शनी थोडे विचित्र वाटेल. परंतु लखनऊच्या मराठी माणसाला हा विषय दोन बाजूंनी जवळचा आहे. प्राचीन अस्थींतील डी.एन.ए.चा अभ्यास आपल्याच शहरात, बीरबल साहनी संस्थेत चालतो. आणि या वाचनाचे मर्म ज्या दृष्टांताने सहज उलगडते, तो एका मराठी पंडिताने याच शहरात रुजविला आहे.

पं. विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज सुरू झाले. आज ते त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. त्यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू आणि तार सप्तकासाठी वर बिंदू असतो. अक्षर तेच, परंतु कानाने टिपावयाचा सूक्ष्म भेद खुणेमुळे डोळ्यांना दिसू लागतो. डी.एन.ए. वाचणाऱ्या शास्त्रज्ञांनाही शेवटी हीच युक्ती करावी लागली.

डी.एन.ए.ची लिपी अवघ्या चार अक्षरांची आहे : अ‍ॅडेनीन, ग्वानीन, सायटोसीन आणि थायमीन. यांनाच बेस म्हणतात. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. लगतच्या दोन अक्षरांत अंतर केवळ ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा. त्यातही ही चार अक्षरे एकमेकांपासून थोड्याशाच अणूंनी वेगळी. ती ओळखावी कशी?

१९७७ साली या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. अमेरिकेत मॅक्सम आणि गिल्बर्ट यांनी ठराविक अक्षरापाशीच साखळी तोडणारी रसायने वापरली. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी साखळीची नक्कल चालू असता तीत थोडी ‘खुंटलेली’ अक्षरे मिसळली. असे अक्षर जेथे बसेल तेथे नक्कल थांबते. मग निरनिराळ्या लांबीचे तुकडे जेलमधून विजेच्या साहाय्याने सरकवून लांबीप्रमाणे वेगळे केले, की कोणत्या जागी कोणते अक्षर आहे ते कळते. सँगर व गिल्बर्ट यांना १९८० सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आरंभी हे तुकडे किरणोत्सारी खुणेने क्ष-किरण फिल्मवर उमटवीत, व चार अक्षरांसाठी चार वेगळ्या रांगा लागत. १९८६ साली लिरॉय हूड यांच्या गटाने चार अक्षरांसाठी चार रंगांची चकाकती द्रव्ये वापरली. चार रांगांचे काम एका रांगेत होऊ लागले, आणि ते यंत्राला वाचता येऊ लागले. पुढे केंब्रिज येथे, चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांनी रंगीत अक्षराला तात्पुरता अडसर लावण्याचा मार्ग विकसित केला. एक अक्षर बसले, की नक्कल थांबते. त्याचा रंग टिपून घ्यायचा, रंग व अडसर दोन्ही काढून टाकायचे, मग पुढचे अक्षर. अशा कोट्यवधी साखळ्या एकाच वेळी वाचता येतात. दुसऱ्या एका पद्धतीत साखळी सूक्ष्म छिद्रातून ओढतात व विद्युत्प्रवाहातील चढउतार मोजतात. पण छिद्रात एका वेळी अनेक अक्षरे असल्याने त्यांचे संकेत एकमेकांत मिसळतात. म्हणून मूळ साखळीऐवजी अक्षरांमधील अंतर वाढविलेली, प्रत्येक अक्षरासाठी ठळक खूण असलेली नक्कल वाचण्याचाही मार्ग निघाला आहे.

आता प्राचीन अस्थींकडे वळू. काळाच्या ओघात डी.एन.ए.चे बारीक तुकडे होतात, आणि सायटोसीनचे रूपांतर युरासिलमध्ये होते. यंत्र त्यास थायमीन समजून वाचते. असे बिघडलेले अक्षर काढून टाकणारे विकर वापरून ही चूक टाळता येते. मात्र तुकड्यांच्या टोकांशी दिसणारा हाच बिघाड डी.एन.ए. खरोखर जुना असल्याची, तो हाताळणाऱ्याच्या हातचा नसल्याची साक्षही देतो. दोष सर्वस्वी पुसून टाकू नये, तो ओळखून नोंदवावा, ही शिकवण आम्हांस मोलाची वाटते.

हरियाणातील राखीगढी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. त्या उष्ण प्रदेशात डी.एन.ए. टिकणे दुरापास्त. ६१ नमुने तपासले, त्यांत उपयोगी ठरला एकच : सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा. पुणे, हैदराबाद, हार्वर्ड आणि आपले लखनऊ येथील संशोधकांनी मिळून सप्टेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लखनऊतर्फे बीरबल साहनी संस्थेचे डॉ. नीरज राय त्यांत होते. त्या स्त्रीच्या डी.एन.ए.मध्ये मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश आढळला नाही. त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने मात्र असा अंश इ. स. पूर्व २००० नंतर भारतीय उपखंडात आल्याचे दाखविले. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले, तर ते एकमेकांस पूरक आहेत. तरीही कोणी एकच हाती धरून विजयाचा डंका पिटला, तर कोणी दुसरा.

बंधुभगिनींनो, अक्षर लावण्यासाठी इतकी वर्षे खपायचे आणि अर्थ मात्र आधीच ठरवून ठेवायचा, हा त्या परिश्रमांचा अपमान आहे. एका स्त्रीच्या अस्थी एका स्त्रीविषयी खात्रीने बोलतात. संपूर्ण संस्कृतीविषयी त्या जपून बोलतात. आपणही तितकेच जपून बोलले पाहिजे.

येथे वाढलेली आपली मुले ‘आपण मूळचे कुठले?’ असे विचारतात, तेव्हा आम्हांस त्या अहवालाची आठवण होते. रक्तातील अक्षरे कितीही नीट वाचली, तरी त्यांत मराठी भाषा सापडणार नाही. पणजीच्या ओव्या सापडणार नाहीत. तो वारसा शरीरातून आपोआप उतरत नाही. तो रोज बोलून, गाऊन, लिहून द्यावा लागतो. पन्नास वर्षे या मंडळाने तेच केले. पुढील पन्नास वर्षांचे काम, मुलांना घरात मराठी बोलायला आणि वाचायला लावण्यापासून, आजच सुरू करावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.