डोंगरउतारावरील घर आणि त्याची वाट

चेन्नई हे सपाटीवर वसलेले शहर. विमानतळाच्या बाजूला परंगीमलै ही सुमारे 90 मीटर उंचीची टेकडी आहे आणि श्रोत्यांपैकी बहुतेक जण केव्हा ना केव्हा ती चढून गेले असतील. तिच्या माथ्यावरील देवालयाकडे जाण्यास दोन वाटा आहेत. एक पायऱ्यांची; कोजा पेत्रुस उस्कान या अर्मेनियन व्यापाऱ्याने अठराव्या शतकात स्वखर्चाने ती बांधवून घेतली. दुसरी वाहनांची, वळसा घालून चढणारी. माणसाला थेट चढता येते, चाकाला येत नाही. डोंगरावर घर बांधू इच्छिणाऱ्या शहरवासीयाने हा भेद प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. बहुधा तो शेवटी घेतला जातो.

नीलगिरीत किंवा कोडैकानलला जमिनीचा लहानसा तुकडा विकत घेणारा मनुष्य आधी घराचे चित्र रेखाटतो : सर्वांत उंच जागा, दरीकडे तोंड केलेला व्हरांडा. मोटार तेथवर कशी जाईल, हे पुढे पाहू, असे तो म्हणतो. खरेदीखतातील क्षेत्रफळ आडव्या मापाचे असते, त्यात चढ दिसत नाही. ज्या परंगीमलैच्या परिसरात 1802 साली लॅम्टनने भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली पायाभूत रेषा मोजली, तिच्या छायेत राहणाऱ्यांनी जागेची उंचसखल मापे न घेता घराचा आराखडा करावा, हे काहीसे विपरीतच होय.

थोडा हिशेब करून पाहावा. रस्त्यापासून घर 12 मीटर उंच आहे आणि जमिनीचा उतार 30 अंशांचा आहे, असे धरू. रस्ता आणि घर यांतील आडवे अंतर जेमतेम 21 मीटर भरते. मोटारीसाठी आठास एक हा चढदेखील कडकच. तरीही तो मान्य केला, तर वाटेची लांबी 96 मीटर होते. जागा 25 मीटर रुंद असेल, तर ही वाट चार वेळा आडवी न्यावी लागेल आणि तिला तीन नागमोडी वळणे द्यावी लागतील. लहान मोटारीलाही वळण्यास सुमारे 10 मीटर व्यासाची सपाटी लागते. तीन वळणांना चढाच्या दिशेने 30 मीटर हवेत आणि जागा तर 21 मीटरच आहे. शिवाय अशी एकेक सपाटी केवळ खोदून काढली, तर मागे जवळजवळ 6 मीटरांचा उभा कडा उरतो. दोन मजली घराएवढा कडा, तोही मातीचा! घरापेक्षा घराची वाटच डोंगराला अधिक जखमी करते ती अशी. याच उंचीला 15 सेंटिमीटरांच्या 80 पायऱ्या पुरतात. तेव्हा मोटार खाली रस्त्यालगत ठेवावी आणि घरी चालत जावे, हा उपाय स्वस्त तर आहेच, पण बहुतेक वेळा तोच एकमेव शहाणपणाचा असतो. वृद्धांची अडचण असेल, तर घरच खाली आणावे; दृश्य थोडे कमी दिसेल.

नीलगिरीतील जुन्या वस्त्यांना हे ठाऊक होते. बडगांची घरे उताराला आडव्या अशा सलग रांगांत उभी असतात. रांगेपुढील अंगण हीच त्यांची वाट. कोइंबतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन याने 1822 साली उटकमंडला दगडी घर बांधावयास घेतले, तेव्हा पठारावर चाकाची वाट नव्हती. नंतर घाट झाले आणि घाटांमागून घरे आली. पुढे तर मद्रासचे सरकारच उन्हाळ्यात तेथे जाऊ लागले. मेट्टुपाळयमहून वर जाणाऱ्या रेल्वेलाही बारास एक या चढावर दात्यांच्या रुळाचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट आठास एक चढाची स्वप्ने पाहणाऱ्यांनी आठवून पाहावी.

परंतु चढापेक्षा मोठा शत्रू पाणी. उतार खणला की वरच्या मातीचा टेकू जातो. खणलेली माती खालच्या अंगाला लोटली की तो सैल भराव भिजून जड होतो आणि निसटतो. नोव्हेंबर 2009 मध्ये ईशान्य मोसमी पावसात नीलगिरीत शेकडो ठिकाणी दरडी कोसळल्या आणि चाळीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. महाराष्ट्रात 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ढिगाऱ्याखाली गेले. दीडशेहून अधिक बळी गेले. ज्याचे घर वर असते, त्याने सोडलेले पाणी खालच्याच्या अंगणात उतरते. म्हणून डोंगरावरचे घर ही खाजगी बाब राहत नाही. तमिळनाडू शासनाने 1990 साली डोंगरी क्षेत्रांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले, ते याच जाणिवेतून.

घराच्या वरच्या बाजूस, भिंतीपासून दूर, पाणी अडवून बाजूच्या नैसर्गिक ओहोळात सोडणारा दगडी चर हे पहिले बांधकाम असावे. जोते एकाच पातळीवर घेण्याचा हट्ट नको. ते पायरीपायरीने चढवावे किंवा खांबांवर उचलावे आणि घराची लांब बाजू उताराला आडवी ठेवावी. माती अडविणाऱ्या भिंतीत पाणी झिरपून बाहेर पडण्यास भोके हवीत आणि तिच्या मागे मातीऐवजी दगडगोटे भरावेत; भिंत बहुधा मातीच्या भारापेक्षा मागे कोंडलेल्या पाण्याने पडते. शोषखड्डा घराच्या वर कधीही घेऊ नये.

यातील बरेचसे कागदावर कळत नाही. आराखडा काढण्यापूर्वी जागेच्या मालकाने आणि वास्तुकाराने नोव्हेंबरातल्या एखाद्या धुवाधार दिवशी छत्री घेऊन त्या उतारावर उभे राहावे आणि पाणी जेथून जेथून वाहते, तेथे खुंट्या ठोकाव्यात. घर आणि पायऱ्या त्या खुंट्यांच्या मधल्या जागेत बसवावयाच्या आहेत.