चरीच्या कुळांचा संप

 

चंपारणची हकीकत आपली मुले शाळेत शिकतात. १९१७ साली गांधीजी बिहारात गेले, निळीच्या सक्तीखाली भरडलेल्या कुळांच्या जबान्या लिहून घेतल्या, आणि पुढच्याच वर्षी कायद्याने ती सक्ती गेली. पण आपल्या महाराष्ट्रातही कुळांनी इंग्रजी अमलात असाच एक लढा दिला. तो एकदोन नव्हे, सहा वर्षे चालला. नांदेड-लातूरकडे त्याचे नाव फारसे कानावर येत नाही, म्हणून आज तीच गोष्ट सांगायची आहे.

अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. पूर्वीचा तो कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. आपल्याकडे निजामाच्या राज्यात जहागीरदार होते, तसे तिकडे खोत. कुळांकडून सारा गोळा करून सरकारात भरायचा, हे खोताचे मूळ काम. सरकारात किती भरायचे ते ठरलेले असे. कुळाकडून किती घ्यायचे ते मात्र पुष्कळसे खोताच्या मर्जीवर. मधले उरेल ते खोताचे.

त्या भागात समुद्राकाठी खारजमीन असते. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालावे लागतात आणि ते दरवर्षी राखावेही लागतात. ही सारी मेहनत कुळाची. भात पिकले की त्याचा मोठा वाटा खंडापोटी खोताच्या घरी जायचा, आणि वर वेठही करावी लागायची. पिढ्यान्‌पिढ्या एकच जमीन कसली, तरी कुळाच्या हाती कागद काही नाही. खोताच्या मनात आले की जमीन काढून दुसऱ्याला!

या कुळांना एकत्र आणले नारायण नागू पाटील यांनी. गावोगाव फिरून, सभा घेऊन त्यांनी लोकांना समजावले. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला सभा भरली. ठराव साधाच होता : खंड कमी होईपर्यंत आणि आमचा हक्क मान्य होईपर्यंत खोताची जमीन कसायची नाही. आसपासची पंचवीस गावे या संपात उतरली.

आता तुम्ही म्हणाल, संप गिरणीत होतो, शेतात कसला संप? प्रश्न बरोबर आहे. गिरणी बंद पडली तर मजुराची मजुरी बुडते. पण कुळाने नांगर खाली ठेवला, तर खोताच्या कोठाराआधी त्याचीच कणगी रिकामी होते. हे त्या माणसांना का ठाऊक नव्हते? चांगले ठाऊक होते. तरी त्यांनी नांगर ठेवला. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. भाताची खाचरे ओस पडली. कोणी जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, कोणी मोलमजुरीला परगावी गेला. घर चालवण्याचा भार बायकांवर किती आला असेल, तो तुम्हीच मनात आणा.

या लढ्याची ताकद कशात होती, ते नीट ध्यानात घ्या. खोताशी मारामारी झाली असती, तर प्रकरण पोलिसांत गेले असते आणि चार दिवसांत मोडले असते. पण ‘आम्ही कसत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला बळाने कसायला लावणे अवघड. मात्र त्याला एकच अट असते. फुटायचे नाही. एकाने ती जमीन कसायला घेतली की सगळ्यांचा संप बुडाला. सहा वर्षे टिकली ती ही एकी.

नारायण नागूंच्या पाठीशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच साली नारायण नागूंनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले. १० जानेवारी १९३८ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. महार कुळे, कुणबी कुळे, आगरी कुळे, सगळ्यांचे दुःख एकच होते, आणि त्या दुःखाने त्यांना एका रांगेत आणले.

अखेर महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी या प्रश्नात लक्ष घातले. १९३९ साली संप मिटला आणि त्याच साली मुंबई कूळ कायदा झाला. संरक्षित कूळ म्हणून कसणाऱ्याला कायद्यात जागा मिळाली. खोती लगेच गेली नाही. ती स्वराज्यानंतर, १९४९ च्या कायद्याने गेली. पण दार चरीने उघडले होते.

मराठवाड्यात ही पहाट जरा उशिरा आली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण निजामाच्या राज्यातून मुक्त झालो, पुढच्या वर्षी जहागिरी गेल्या, आणि १९५० साली हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांचा जमिनीवरचा हक्क त्या कायद्याने राखला. म्हणून तर १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक लोक अजून तहसिलात शोधत असतात. कोण कसत होते, ते त्या जुन्या कागदात लिहिलेले आहे.

मंडळी, चरीच्या कुळांनी उपाशी राहून काय मागितले? फुकटची जमीन नव्हे. खंड वाजवी असावा आणि कसणाऱ्याचा हक्क कागदावर असावा, एवढेच. आजही आपल्याकडे कितीतरी जमीन बटईने, ठोक्याने तोंडी बोलीवर दिली जाते. लिहून दिले तर जमीन जाईल, ही मालकाची भीती. तो मालकही पुष्कळदा दोनचार एकरांचाच धनी असतो, हेही खरे. पण गारपीट झाली की नुकसान बटईदाराचे, आणि मदतीची यादी निघते ती सातबारावरच्या नावाने. हा पेच बोलून, लिहून आणि दोघांच्या संमतीने सोडवायला हवा.

गुरुजी, तुम्हांला एक विनंती. चंपारणचा धडा शिकवाल तेव्हा चरीचे नाव फळ्यावर जरूर लिहा. आणि एक दिवस मुलांना घरचा सातबारा आणायला सांगा. तो कसा वाचायचा, मालक कोण, पीक कोणते, कूळ म्हणून नाव कोणाचे, ते त्यांच्याकडूनच वाचून घ्या. ज्याच्या घरी सातबारा नाही, त्या मुलाला पहिल्या रांगेत बसवा. ही गोष्ट मुळात त्याच्याच घरची आहे.

राम राम!