‘जर-तर’ कुणाला विचारायचं?

(घाटकोपर-मुलुंड भागातल्या कार्यकर्त्यांच्या वाचन-बैठकीत केलेलं भाषण)



आज आपण जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचली. ‘विज्ञानकथेचा आमच्या कामाशी काय संबंध?’ असं काहीजणींनी विचारलं. मला वाटतं, संबंध आहे.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत ट्रकच्या अपघातानंतर दुसऱ्याच जगात पोचतात. तिथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकलेले असतात. पंत रेल्वेने मुंबईला येतात, तर तिथे ईस्ट इंडिया कंपनीचं बस्तान अजून कायम! फरक कुठे पडला? आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली. तिथे ती कानाजवळून निघून गेली. तेवढ्याने दोन जगं वेगळी झाली.

पण पानिपतावर फक्त सैनिक नव्हते. बायका, मुलं, यात्रेकरू हजारोंनी सोबत होते. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई जिवंत परतल्या. कितीतरी जणी गुलाम म्हणून नेल्या गेल्या. गोळी हुकली असती तर त्या वाचल्या असत्या. पण पुण्यात विधवेचं केशवपन थांबलं असतं का? लढाई जिंकल्याने बाईचं जग आपोआप बदलत नाही.

आपल्या केंद्रात हा ‘जर-तर’ रोज ऐकू येतो, आणि तो नेहमी बाईलाच विचारला जातो. ‘उलट बोलली नसतीस तर?’ ‘एवढ्या रात्री बाहेर पडली नसतीस तर?’ सासरचे विचारतात, माहेरचे विचारतात, चौकीतला हवालदारही विचारतो. शेवटी ती स्वतःच स्वतःला विचारू लागते. त्याने मारलं नसतं तर? शेजाऱ्यांनी दार वाजवलं असतं तर? पहिल्याच दिवशी तक्रार लिहून घेतली असती तर? हे प्रश्न कुणी विचारत नाही.

मथुराचं प्रकरण आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरवलं, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांना सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती असणार! ‘तिने प्रतिकार केला असता तर’ हाच तो प्रश्न, फक्त न्यायालयाच्या भाषेत. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० साली मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला, ठिकठिकाणी मोर्चे निघाले. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं बाईने सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं असं ठरलं.

कथेतली गोळी योगायोगाने हुकली. ते पत्र योगायोगाने लिहिलं गेलं नाही. माणसांनी ठरवून लिहिलं. मथुराला मात्र न्याय मिळाला नाही, हेही विसरू नका.

म्हणून एक सुचवते. यापुढे केसचा कागद भरताना बाईने काय केलं एवढंच लिहू नका. कुणी काय केलं असतं तर हे टळलं असतं, ते नवऱ्यापासून पोलीस ठाण्यापर्यंत एकेकाच्या नावाने लिहा. दहा कागद जमले की एकत्र बसून वाचू. जाब कुणाला विचारायचा, ते त्यातूनच ठरेल.