मांगी-तुंगीची प्रदक्षिणा



सुपा हे पुणे-नगर मार्गावरचे, विहाराच्या वाटेवरचे गाव. साधू-साध्वी या रस्त्याने अनवाणी जाताना येथील लहान मुलांनीही पाहिले आहेत. चालणे ही साधना आहे, हे सुप्याच्या श्रावकाला ग्रंथात शोधावे लागत नाही. पर्वताची प्रदक्षिणा म्हणजे त्याच साधनेचे गृहस्थाला झेपेल असे रूप होय.

फाल्गुन शुद्ध त्रयोदशीची शत्रुंजयाची सहा गाऊंची यात्रा आणि सम्मेदशिखरजीची २७ किलोमीटरची वंदना सर्वश्रुत आहेत. परंतु आपल्याच महाराष्ट्रात, नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्यात, मांगी-तुंगी हे सिद्धक्षेत्र उभे आहे. मनमाड, मालेगाव, सटाणा, ताहाराबाद असा मार्ग. मांगी ४,३४३ फूट, तुंगी ४,३६६ फूट. चढण सुमारे साडेतीन हजार पायऱ्यांची. राम, हनुमान, सुग्रीव, नील, महानील यांच्यासह ९९ कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, असे निर्वाणकांडात सांगितले आहे. मूर्तिपूजा न मानणाऱ्या स्थानकवासी बांधवांनी तेथे का जावे, असा प्रश्न कोणी विचारतो. जेथे मुनी कायोत्सर्गात स्थिर झाले ती भूमी कोणा एका संप्रदायाची कशी असेल?

वाटेत शुद्ध-बुद्ध मुनींच्या गुंफा लागतात. वर बलभद्रांचे शिल्प आहे, त्याची पाठच दिसते, मुख पर्वताकडे. श्रीकृष्णांच्या वियोगानंतर बलभद्रांनी येथे तप केले, जगाकडे पाठ फिरवली, अशी परंपरा आहे. हजारो यात्रेकरू त्या पाठीला वंदन करतात. असे दर्शन अन्यत्र क्वचितच घडत असेल.

दोन्ही सुळक्यांभोवती कड्याला बिलगून अरुंद वाट आहे. पर्वत उजव्या हाताला, दरी डाव्या हाताला. तेथे गप्पा आपोआप थांबतात. पुढची चार हात जमीन पाहून, जीवजंतू वाचवून पाऊल टाकणे ही मुनींची ईर्यासमिती. त्या वाटेवर ती श्रावकालाही पाळावीच लागते. आपण व्यापारी मंडळी. अंतर आणि वेळ वाचवण्यात आपला जन्म जातो. प्रदक्षिणेत मात्र निघालो तेथेच परत यायचे असते, हा हिशेब आपल्या वहीत बसत नाही!

याच डोंगरात कोरलेल्या भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठा फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली. मूर्ती भव्य आहे, दर्शन अवश्य घ्यावे. मात्र तेथवर वाहनाची सोय असल्याने पुष्कळ संघ तेवढे दर्शन घेऊन, छायाचित्रे काढून परततात आणि दोन्ही शिखरे वंदनेवाचून राहतात. बस भरून गेलेल्या संघातील एकही जण तुंगीला पोहोचत नसेल, तर त्या प्रवासाला यात्रा म्हणावे काय? ट्रेकिंगला जाणारी तरुण मुले वर जातात, आणि श्रावक पायथ्याशी थांबतात!

वृद्धांनी डोली घेण्यात कमीपणा नाही; वाहणाऱ्याशी मजुरीची घासाघीस मात्र करू नये. पहाटे अंधारातच चढण सुरू करावी, गाळलेले पाणी सोबत घ्यावे, उन्हाच्या आत दोन्ही प्रदक्षिणा आटोपाव्यात. चौविहार करणाऱ्यांनाही मग खाली येऊन दिवस मावळण्यापूर्वी भोजन सहज घेता येते. पावसाळ्यात खडक निसरडा होतो आणि जीवोत्पत्तीही फार होते, म्हणून चातुर्मास संपल्यावर, कार्तिक पौर्णिमेनंतरच संघाने निघावे.