नेओमी मिचिसन : मुलांच्या गोष्टी आणि आफ्रिकेचा इतिहास

आपल्याकडे जे. बी. एस. हाल्डेन हे नाव ठाऊक असतं. भारतात स्थायिक होऊन भुवनेश्वरला देह ठेवणारे ते शास्त्रज्ञ. त्यांच्या धाकट्या बहिणीविषयी मात्र फारसं बोललं जात नाही. ती म्हणजे नेओमी मिचिसन. जन्म 1897, एडिंबरा. आयुष्य तब्बल 101 वर्षांचं!

स्कॉटलंडमधल्या कॅराडेल गावी राहून बाईंनी मुलांसाठी ‘द बिग हाऊस’सारख्या कादंबऱ्या लिहिल्या. तिथेच त्यांना लिंच्वे नावाचा आफ्रिकी तरुण भेटला. तो बेचुआनालँडमधल्या बाकगात्ला जमातीचा भावी प्रमुख. 1963 मध्ये त्याला प्रमुखपद मिळालं, तेव्हा साठी ओलांडलेल्या नेओमीबाई जमातीच्या मोचुडी गावी हजर होत्या. पुढे जमातीने त्यांना मानाने आईच मानलं.

बेचुआनालँडची तऱ्हा बघा: 1885 पासून ब्रिटिशांचं संरक्षित राज्य, पण कारभाराचं मुख्य ठाणं माफेकिंग, म्हणजे देशाच्या हद्दीबाहेर, दक्षिण आफ्रिकेत! 1966 मध्ये देश स्वतंत्र झाला, बोत्स्वाना झाला.

याच काळात बाईंनी ‘आफ्रिकन हीरोज’ हे पुस्तक लिहिलं आणि 1970 मध्ये ‘दि आफ्रिकन्स’ हा इतिहास. मला वाटतं, मुलांना गोष्ट सांगायची सवय इथे कामी आली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या दप्तरापलीकडे जाऊन आफ्रिकेची माणसंच त्यांनी कथेच्या मध्यभागी आणली. वर्णभेदाविरुद्ध बोलल्यामुळे दक्षिण आफ्रिकेची दारं त्यांना बंद झाली. मोचुडीला जाणं मात्र त्यांनी सोडलं नाही.