कंपनीची गाडी सुटली, विमा आपल्या नावावर आला



गणपतीच्या मांडवात मोटारीच्या विम्यावर बोलायचं म्हणजे प्रसादाच्या ताटात पावतीपुस्तक ठेवल्यासारखं आहे. पण विषय मंडळानंच सुचवला, आणि तो का सुचवला हेही मला कळतं. आपल्या चिकोडी-निपाणी भागातली कितीतरी मंडळी साखर कारखान्यांत, कागल-शिरोलीच्या एमआयडीसीत, नाहीतर पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांत नोकरीला होती, आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या दारात कंपनीची गाडी उभी असते. ती असते तोवर विम्याचा कागद कुणी उघडूनही बघत नाही, कारण हप्ता ऑफिसातून भरला जातो. मग नोकरी संपते आणि वयाच्या साठीत पहिल्यांदा स्वतःच्या नावानं पॉलिसी काढायची वेळ येते.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं असंच झालं. बावीस वर्षं कंपनीची गाडी चालवली, गाडीला कधी ओरखडा नाही. निवृत्तीनंतर नवी गाडी घेतली आणि एजंटाला विचारलं, "माझा नो क्लेम बोनस किती धरलास?" एजंट म्हणाला, "शून्य, काका." काकांना तो अपमान वाटला. राग समजण्यासारखा होता, पण एजंटाचं बरोबर होतं.

आपल्याकडं हा बोनस गाडी चालवणाऱ्याला मिळत नाही, तो पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याला मिळतो. एक वर्ष क्लेम केला नाही तर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, आणि पाच वर्षांनी पन्नास टक्के. तोही सगळ्या हप्त्यावर नाही; आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो तेवढ्यावरच. थर्ड पार्टीच्या रकमेत एक रुपया कमी होत नाही. त्या बावीस वर्षांत पॉलिसी कंपनीच्या नावावर होती, म्हणून बोनस कंपनीचा. विलायतेत काही विमा कंपन्या जुन्या मालकाचं पत्र पाहून कंपनीच्या गाडीची वर्षं मोजतात. तिकडं असलेल्या मुलांना हे जरूर सांगा. इकडं ती वाट बंद आहे.

एक दार मात्र उघडं आहे, आणि तेच फार थोड्यांना माहीत असतं. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये सत्ताविसावा नियम बोनसचा आहे. त्यात असं आहे की, संस्थेच्या मालकीची गाडी एखाद्या कर्मचाऱ्याला दिलेली असेल, ती फक्त तोच वापरत असेल आणि पुढं तीच गाडी त्याच्या नावावर झाली, तर त्या काळात जमलेला बोनस त्याला मिळायला हवा. त्यासाठी मालकाचं पत्र लागतं. बोनस ज्या काळात जमला त्या काळात ही गाडी याच माणसाकडं होती आणि हाच ती वापरत होता, एवढं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. म्हणजे निवृत्तीच्या वेळी कारखान्यानं जुनी गाडी तुम्हाला विकत दिली, तर आर.सी.बरोबर हे पत्रही मागून घ्या. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळाच्या गडबडीत मागितलं तर पाच मिनिटांत मिळतं. दोन वर्षांनी गेलात तर सही करणारा साहेब बदललेला असतो आणि फाईल कुठं आहे ते कुणाला ठाऊक नसतं. आज चीफ केमिस्ट, उद्या शेती अधिकारी अशी फिरणारी सामायिक जीप असेल तर मात्र या पत्राचा उपयोग नाही, आणि कुणी खोटं पत्र देऊही नये. नवी विमा कंपनी जुन्या कंपनीकडं चौकशी करते. बोनसची माहिती खोटी निघाली तर ऐन क्लेमच्या वेळी गाडीच्या नुकसानीचे पैसे अडतात.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. गाडी नावावर झाली म्हणजे विमाही झाला, असं पुष्कळ जण धरून चालतात. मोटार वाहन कायद्याच्या १५७ व्या कलमानं थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडं जातं, आणि चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं कंप्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स या खटल्यात हेच सांगितलं. तिथं गाडी विकत घेणारीच एक कंपनी होती, तरी तिला भरपाई मिळाली नाही. तवंदी घाटात गाडी ठोकली आणि पॉलिसीवर अजून कारखान्याचं नाव असलं, तर गॅरेजचं बिल तुमच्या खिशातून जाणार.

आपल्या सीमाभागात यात आणखी एक भर पडते. गाडी एम.एच. ०९ किंवा एम.एच. १२, आणि घर के.ए. २३ मध्ये. दुसऱ्या राज्यातली गाडी इथं बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिकडच्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी. आणून इथला नंबर घ्यावा लागतो, रस्ता कर वेगळा. नंबर बदलला की विमा कंपनीला कळवा. पॉलिसीवर जुना नंबर राहिला तर क्लेमच्या वेळी कागद जुळवता जुळवता जीव जातो. पुण्याची गाडी असेल तर त्यात थोडा फायदाही आहे. टॅरिफमध्ये पुणे, मुंबई, बेंगळुरू अशी आठ शहरं अ विभागात आणि बाकी सगळा देश ब विभागात. चिकोडी ब मध्ये येते, तिथला दर कमी.

वैयक्तिक अपघात विम्याबद्दलही सांगतो. मालक स्वतः गाडी चालवताना दगावला तर पंधरा लाखांचं संरक्षण असतं. पण मालक कंपनी असेल तर हे कलम पॉलिसीत घालताच येत नाही. म्हणजे इतकी वर्षं ते तुमच्याकडं नव्हतंच. कंपनीनं वेगळा समूह विमा घेतला असेल तर गोष्ट निराळी, ते ऑफिसात विचारा. स्वतःची पॉलिसी काढताना "हे कशाला, दोन पैसे वाचव" असं एजंटाला सांगू नका.

तरुण मंडळींसाठी एक. ज्यांना आता नव्यानं कंपनीची गाडी मिळते, ते आपली जुनी गाडी विकून टाकतात. विकताना विमा कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा. पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर तो बोनस तिला लागतो. तीन वर्षं उलटली की संपला. घरात दुसऱ्या कुणाला गाडी लागत असेल तर माझं मत, जुनी गाडी आपल्याच नावावर ठेवा आणि दर वर्षी पॉलिसी चालू ठेवा. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण झालं नाही तरी बोनस जातो, हेही त्यात आलं.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : "आमचे हे गेले, गाडी माझ्या नावावर करते आहे, त्यांचा बोनस मला मिळेल का?" मिळेल, ताई. पती, पत्नी, मुलं आणि आईवडील यांच्याकडं गाडी गेली तर बोनस पुढं चालतो. मृत्यूचा दाखला आणि जुनी पॉलिसी घेऊन या. आरती झाली की मी इथंच थांबतो, आपण मिळून अर्ज भरू.