मतांची पेर आणि जागांची रास
(तासगांव येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



पेरावें तसें उगवतें, असें आपण म्हणतों. मतांचें मात्र नेहमीं तसें होत नाहीं. तें कां, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

सन १९१९ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील खेड्यांत मत मिळे तें सारा पाहून. बहुतेक जिल्ह्यांत बत्तीस रुपये सारा भरील तो मतदार. मग दोन बिघ्यांच्या कुणब्यास, सुतारास, कुंभारास विचारतो कोण? ३ सप्टेंबर १९४२ रोजीं याच तासगांवच्या कचेरीवर रयत चालून गेली, तेव्हांही सर्वांस मत नव्हतें.

१९५१-५२ सालीं एकवीस वर्षांच्या प्रत्येक स्त्रीपुरुषास मत आलें. तरी देशांत सुमारें २८ लाख बायांचीं नांवें यादींतून गळालीं. कारण नांव विचारतां ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेंच सांगण्यांत आलें. घरांत जिला नांव नाहीं, तिला राज्यांत मत कसें मिळावें?

आतां निकाल पहा. मुंबई राज्याच्या विधानसभेंत जागा ३१५. काँग्रेसला मतें सुमारें निम्मीं, पण जागा २६९. ब्राह्मणेतर चळवळींतून आलेले केशवराव जेधे, तसेच शंकरराव मोरे प्रभृतींनीं काढलेल्या शेतकरी कामगार पक्षाच्या पदरांत अवघ्या १४. यांत जादू नाहीं. मतदारसंघांत ज्यास इतरांहून एक मत जास्त, जागा त्याची. बाकीचीं मतें मातीस मिळतात. विरोधी मतें चौघांत वांटलीं कीं चौघेही पडतात. ही रीत आजही चालू आहे.

त्याच १९५२ सालीं दूरच्या स्वीडन देशांत निवडणूक झाली. तेथें मतांच्या प्रमाणांत जागा वांटतात. खालच्या सभागृहाच्या २३० जागांपैकीं मजुरांच्या पक्षास शेंकडा ४६ मतांवर ११० जागा मिळाल्या, शेतकऱ्यांच्या पक्षास २६. एकट्याचें बहुमत कोणाचेंच नाहीं; दोघांचे मिळून १३६. या दोघांनीं १९५१ पासून १९५७ पर्यंत एकत्र राज्य चालविलें. लहान पक्ष, पण त्याच्या शब्दास वजन होतें.

कायदा बदलणें आज आपल्या हातीं नाहीं. फूट टाळणें आहे. पण एकी नुसत्या हांकेनें होत नाहीं. कुणब्यानें कारागिराचें मत आपल्या खुंट्यास बांधलेलें समजूं नये. शेताला पाणी मागतांना त्याच्या हातांना काम आणि त्याच्या मुलांना शाळा हेंही त्याच तोंडानें मागितलें पाहिजे. मगच तो आपला. उमेदवाराची जात विचारण्याआधीं त्यानें काय केलें तें विचारा.

आणि घरीं गेल्यावर एक काम करा. १९८९ पासून अठराव्या वर्षीं मत आहे. मतदारांची यादी मागून पहा. आईचें, सुनेचें, लेकीचें नांव तींत आहे काय? नसेल तर तें घालून घ्या. पेरणी तेथून सुरू होते.